उलट बस

आम्ही पाम बीच रोडला राहतो.
पाम आहेत थोडे, दुभाजकात,
टँकरच्या पाण्यावर जगणारे.
बीच नाही.
त्यामुळे हेरंबनं रारोटोंगाचं नाव काढलं
तेव्हा ते मला फारसं लांबचं वाटलं नाही.

डायनिंग टेबलावर डायरी, एलआयसीची,
गेल्या वर्षाच्या तारखा खोडून वापरायला घेतलेली.
मुंबई, सिंगापूर, ऑकलंड, आणि मग चार तास
नुसतं पाणी.
ऑकलंडला फक्त विमान बदलायचं, तरी व्हिसा.
त्याच्या गुडघ्याच्या गोळ्या. माझं इसबगोल.
मेतकूट नेऊ देतात का, याच्यापुढे
तीन प्रश्नचिन्हं.

बेटाभोवती रस्ता एकच, बत्तीस किलोमीटर.
म्हणजे इथून पनवेल गाठायचं आणि परत यायचं, एवढाच.
त्यावर बस दोन :
एक घड्याळासारखी फिरते,
एक घड्याळाच्या उलट,
आणि बसच्या कपाळावर तेवढंच लिहिलेलं असतं.
हेरंब म्हणाला, उलट्या बसनं जायचं नाही.
प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला हवा.
मी विचारलं, मधे देव कुठला?
मधे डोंगर आहे, म्हणाला,
आणि चष्मा पुसायला लागला.

वाटेत वारांची रेघ ओलांडावी लागते.
मंगळवारी निघून सोमवारी पोचायचं.
नणंदेनं फोनवरच पंचांग उघडलं.
"अंगारकी आली मधे, तर उपास दोन धरायचे का गं?"
तिथीची वृद्धी तिला ठाऊक, तिथीचा क्षयही ठाऊक,
पण अख्ख्या वाराचा क्षय तिनं कधी ऐकला नव्हता.
परत येताना जो वार जातो तो कुठे जातो,
हे मलाही सांगता येईना.
त्याच्यासाठी डायरीत एक ओळ
मी मोकळी सोडली.

बुधवारी पदीबाई आली, करावे गावातली.
पाटीत बोयटं, वाटाभर खाडीची कोळंबी.
डायरी बघून म्हणाली, कुटं चालल्याव?
मी सांगत गेले : नारळ, विलायती फणस,
अळूची शेतं, बाजूला लाकूड बांधलेल्या होड्या,
आणि माडापेक्षा उंच इमारत बांधत नाहीत म्हणे.
ती खवले काढत होती. हात थांबले नाहीत.
"मंग आमचा करावा काय येगला व्हता?
नारलीच्या वर फकस्त घार जायची.
तुमची गारी लावताव ना खाली,
तितं सासऱ्याची खाचरं.
खारा पानी आरवून भात लावायचा."
किती लागतील, तिनं विचारलं.
दोघांचे पाच लाख.
"मी फुकट दाखवला असता," ती हसली,
"पन तुमी उशिरा आल्याव."

कोळंबीचे पैसे तिनं सुटे मागितले.

रात्री गॅलरीत उभे राहिलो.
खाडीपलीकडे उलवे, जिथला डोंगर कापून
विमानं उतरायला सपाट केलाय.
एक विमान उठलं, दिवे मिचकावत.
हेरंब काही बोलला नाही, मीही नाही.
बत्तीस मजल्यांच्या या इमारतीत
आम्ही विसाव्यावर आहोत,
म्हणजे किती माड, हा हिशेब
मला अचानक करावासा वाटला आणि केला नाही.

डायरीत त्या रात्री लिहिलं :
१. पासपोर्टचे फोटो, पांढरी पार्श्वभूमी.
२. माडाची उंची तिथे मोजतं कोण?
३. पदीबाईला होडीचा फोटो.
(जाताना दारातून वळून म्हणाली होती,
ते लाकूर कशाला बांदतान, इचारून ये.)

तिकिटं ऑगस्टची काढली. परत न मिळणारी.
बसचा वाद तेवढा मिटलेला नाही.
हेरंब प्रदक्षिणेवर ठाम आहे.
मी मीठदाणी मधे ठेवून, भोवती चमचा फिरवून
दोनदा बघितलं :
उलट्या बसमधे
समुद्र उजव्या हाताला येतो.