पंखा फिरता दिसला पाहिजे

आमगावात बसस्टँडच्या मागे माझा स्टुडिओ आहे.
पासपोर्ट, आधार, नवरदेवाची वरात,
आणि तेरवीच्या आत हवा असलेला एखादा चेहरा,
ग्रुपफोटोतून कापून मोठा केलेला.
एकोणीस वर्षं लोकांना एकच सांगत आलोय :
हलू नका.

विमानाला ते सांगता येत नाही.

म्हणून आधी पंधरा दिवस
मी दूधवाल्यांच्या सायकलींवर हात बसवला.
सकाळी नाक्यावर उभा राहून कंबरेतून वळायचो,
सायकलीबरोबर, तिच्याच चालीनं.
"काहून जी, का गुन्हा केला आमी?"
सायकल स्वच्छ, मागचा कडुनिंब ओघळलेला,
असं तीनशेत अकरा वेळा जमलं.

कारण शटर वेगाचं लावलं
तर फोटो सुरेख येतो, पण पंखा थिजतो.
पाती मोजता येतात, एक, दोन, तीन,
आणि विमान आभाळात
दोऱ्यानं टांगल्यासारखं दिसतं.
तो थिजलेपणा मला ओळखीचा आहे.
तेरवीचे फोटो मीच करतो.
शटर हळू लावावं तर पंख्याची परात होते,
फिरती, पातळ, पितळी,
पण मग माझा श्वासही फोटोत येतो.

धानाचे पुंजणे उचलून झाले होते,
बांधीत लाखोळी घोट्याला लागत होती.
जुन्या धावपट्टीवर गाव लोटलं,
मुरमुरे, फुटाणे, खांद्यावरची पोरं.
माझ्या शेजारी झनकलालजी रहांगडाले,
ब्याऐंशी वर्षांचे, कानाला मफलर,
हवाईदलात फिटर होते.
उडाले चारदाच, तेही पोत्यांवर बसून.
बाकी सगळी नोकरी
डकोटाच्या पोटाखाली, उताणं.

काहीच दिसत नव्हतं तेव्हा म्हणाले,
"डावं इंजन जरा ओलं बोलते."
मला नुसती घरघर आली, कानात नाही, बरगडीत.

मग ते आलं, पळसांच्या वरून,
भरल्या बंडीसारखं जड, आणि तरी वर.
बोडीवरचे बगळे एकदम उठले.
मी वळलो. एकशेपंचवीस. मग साठ.
मग श्वास सोडून देऊन तीस.
शेवटच्या वळणावर त्यानं पोट दाखवलं,
तेलाचे काळे ओघळ, थेट शेपटीपर्यंत.
हे सगळं मी एका डोळ्यानं पाहिलं.
दोन्ही डोळ्यांनी पाहिलेलं विमान
माझ्याजवळ नाही.

चारशे बारा फोटो. चारशे आठ वाया.
एकात बगळा धारदार आणि विमान धूसर,
तोही मोडला नाही, ठेवला.
झनकलालजींनी चष्मा कपाळावर सारला.
मोठं करा म्हणाले. अजून. अजून.
पंखाच्या मुळाशी रिबिटांच्या रांगेवर थांबले
आणि काचेला बोट न लावता मोजू लागले.

"तुमच्या हातचंच का हे?"
"नंबर तं दुसराच रंगवला. नसंन."
बऱ्याच वेळानं :
"पन रांग सरळ हाये."

किती मोठी प्रिंट काढू, आठ बाय बारा? फ्रेम?
"पासपोर्ट," म्हणाले. "पेन्शनच्या बुकात ठेवासाठी."
मी हसलो नाही.
जानेवारीचं धुरकट आभाळ, मागे काहीच नाही,
पांढरंफटक, नियमात बसणारं.
एका कागदावर आठ आले.
सात त्यांनी नेले, कात्रीची धार पुन्हा पुन्हा बघत.

आठवा माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे,
दोन नवऱ्या, बारावीची पोरं
आणि एक मयत सरपंच यांच्या मधोमध.
गिऱ्हाईक सुट्टे मोजता मोजता वाकतं.
"पंखा तेवढा हालला वाटते जी, तुमचा."

हाव, म्हणतो मी.