ड रांग, पंधरा नंबर

अकरा नाटकांचा पास, बाराशेचा.
चार झाली, उरली सात.
भागाकार केला कॅलेंडरच्या पाठीवर:
सातशे त्रेसष्ट आणि वर चिल्लर.

वजा: वरचा पंखा, नुसता आवाज करतो.
जमा: पुढच्या खुर्चीत टेंगशे, बुटके.

अख्ख्या कणकवलीत गिऱ्हाईक एकच.
मोचेमाडकर मास्तर उंबऱ्यात:
"सहाशेक दी गो. वापरलेलो पास तो."

वापरलेला खरा.
मध्यंतरात भजी आणायला
दिगूच उठायचा,
पुडीचं तेल हाताला लावून परतायचा.

चौदा माझा.
म्हणजे सात रात्री शेजारी मास्तर,
खोकणार, शेवट आधीच सांगणार.

"नऊशे," म्हटलं.
"दर वाढलो कसो?"
"हजार."
मास्तर चपला शोधू लागले.

रात्री पंधरावर पर्स ठेवली,
तिसऱ्या घंटेपर्यंत
उचलायच्या तयारीत.