हौसाबाई चौगुले, तीन वेळा

राजारामपुरीत, सातव्या गल्लीला,
झेरॉक्सच्या दुकानावरची खोली माझी.
रात्री एकला त्याला टाइप केलं:
‘मी दमलो, आता तूच बघ.’
आमच्याकडं बायकाही अशाच बोलतात: आलो, गेलो, जेवलो.
त्यानं लगेच मला सर करून टाकलं.
मी दुरुस्त केलं नाही. काम काही अडलं नव्हतं त्यावाचून.

काम वडणग्याच्या दूध संस्थेचं.
फॅट, डिग्री, लिटर, दर,
दहा दिवसांनी बिल, त्यातून पेंडीचे पैसे वजा.
दरपत्रकाच्या ज्या कोडापायी
माझी मागची दिवाळी गेली
तो त्यानं चहाला उकळी यायच्या आत मांडून दिला.
वर माझीच जुनी चूक दाखवली:
म्हशीच्या दुधाला, साडेसहा फॅटच्या पुढं,
मी पाच पैसे कमी धरत होतो.
वर्षभर. कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.
हे त्याच्या बाजूनं लिहून ठेवतो.

मग त्यानं विचारलं (विचारलं, हेही खरं):
सभासद यादीत एक नाव तीनदा आहे,
डुप्लिकेट काढून टाकू का?
हौसाबाई चौगुले. हौसाबाई चौगुले. हौसाबाई चौगुले.
गाव एक, आडनाव एक, नवऱ्याच्या नावाचा रकाना रिकामा.
मी हो म्हटलं.
सगळ्या चाचण्या हिरव्यागार.
सर्व्हरवर चढवलं आणि झोपलो.

सव्वासहाला तातोबा सेक्रेटरींचा फोन:
‘ताई, तुमच्या मशीननं दोन बायका मारल्या की ओ.’
मागं कॅनांचा खडखडाट. कुणीतरी हसत होतं,
कुणीतरी हसत नव्हतं.

शिवाजी पुलावर धुकं होतं, मी गाडी हाणली.
खिडकीपाशी तिघी.
माळावरची हौसाबाई, तिच्या किटलीला पोचा.
तळ्याकडची, झाकणाला तांबडी दोरी.
तिसरी नुसतीच ‘बारकी’. साठी उलटली तरी बारकी,
कारण ती लग्न होऊन आली तेव्हा
बाकीच्या दोघी आधीच गावात होत्या.
सगळं दूध माळावरचीच्या नावावर.
ती म्हणाली, ‘माझी म्हस एका रात्रीत तेरा लिटरवर गेली व्हय?’
बारकी काही बोलली नाही.
तिनं ती पावती हातात घेतली, उलटी करून बघितली,
मागच्या बाजूला आपण आहोत का म्हणून.

तातोबांना यादी लागत नाही.
किटली पुढं सरकली की माणूस कळतं.
आजचं माप त्यांनी तोवर खडूनं भिंतीवर लिहिलं होतं,
पोच्याखाली एक आकडा, दोरीखाली एक.
हे कुठल्या रकान्यात होतं? कुठल्याच नाही.
रकाना मीच केला नव्हता, त्यानं कुठून वाचावं?
आणि तीन वर्षांत मी तरी
या खिडकीपाशी कितीदा उभी राहिलो?

पेंडीच्या पोत्यावर बसून त्यालाच सांगितलं.
त्यानं माफी मागितली, फार व्यवस्थित,
आणि कालच्या बॅकअपमधून तिघी वेगळ्या करायचं
चार मिनिटांत लिहून दिलं.
मला संध्याकाळची धार निघेपर्यंत जमलं नसतं.
पण या खेपेला ओळ न् ओळ वाचली,
बोट लावून, पोरं वाचतात तशी.
भिंतीवरचे आकडे हातानं भरले.
बारकीची पावती निघाली: सव्वाचार लिटर, फॅट सहा आठ.
‘हं,’ म्हणाली, आणि गेली.

आता नवा रकाना आहे: ‘खूण’.
त्यानं नमुना भरून दाखवला: उंची, डाव्या हातावर तीळ.
मी पुसलं. लिहिलं: पोचा. तांबडी दोरी. बारकी.
आणि कोडात, त्या ओळीच्या डोक्यावर,
जिथं तो वाचेल, माझ्यामागनं येणारं कुणीही वाचेल,
एक टीप:
हे नाव तीनदा येईल. येऊ दे.
पुसायचंच झालं तर आधी वडणग्याला फोन कर.
सकाळी नको.
सकाळी तातोबा दूध मापत असतात.