फुंकणी

शाळेच्या पडवीत शिबिर. टेबलावर निळी नळी,
नळीच्या अंगावर आकडे, आकड्यांवर एक लाल काटा.
माझं काम नावं लिहायचं,
कुणाला चक्कर आली तर पाणी द्यायचं.

भागीरथी डोर्लेकर, खारवीवाडा.
वय? "अठ्ठावन. नायतर साठ लिही, सुट्टे कशाला."
नळी उलटीसुलटी करून बघते, हसते.
"ही तर फुकनी गो बाय."

फॉर्म विचारतो : घरात चूल?
नाही. सिलेंडर येऊन सात वर्षं झाली.
विडी? नाही. मशेरी?
"मशेरीचा काय धूर असतो होय?"
शेजारी कुणी ओढतं?
ती खिडकीतून खाडीपलीकडे बघते.
"तो ओढतो की. रात्रंदिवस."

चिमणी. पाखराचं नाव ठेवलंय तिला.

जेटीला कोळशाचं जहाज लागलं
की खळ्याला आधी कळतं.
सकाळी पसरलेली मांदेली दुपारी काजळ घालून बसते.
ती झटकते, नळाखाली धुते,
सुकलेलं पुन्हा सुकवते.
बाजारात गिऱ्हाईक एक बोट फिरवतं
आणि तेच बोट तिला दाखवतं.

"चूल मोडली, म्हटलं, सुटले धुरातून.
फुकनी माडाच्या बुडात टाकली.
पण धूर गेला नाय गो.
गावाबाहेर जाऊन मोठा होऊन आला."

हे कुठे लिहू? रकाना दोन बोटांचा.
आणि लिहायचं तर मग सगळंच :
तिचा विश्राम त्याच कोळशाच्या पट्ट्यावर रात्रपाळीला,
सिलेंडर त्याच्या पगारातला,
नवऱ्याची होडी डिझेलशिवाय
खाडीचं तोंडसुद्धा ओलांडत नाही,
बाहेर उन्हात माझी स्कूटर,
आणि हा पंखा,
तिला घाम आला म्हणून मीच लावलेला.

डॉक्टर म्हणतात, मावशी, जोरात, एका दमात.
ती पदर खोचते,
खुर्ची सोडून जमिनीवर उकिडवी बसते.
गाल फुगवते. डोळे घट्ट मिटते,
राख उडेल म्हणून.

काटा सरकतो.
एकशे चाळीस.
डॉक्टर आकडा मोठ्याने वाचत नाहीत,
नुसतं माझ्याकडे वही फिरवतात.

खोकला बराच वेळ चालतो.
मी पेला धरून उभी.
मग ती डोळे पुसते,
नळी माझ्या हातात देते, विचारते,
"पेटली काय?"