चार बोटांची फट

सावद्याच्या बायपासला, लुकमान तडवीच्या शेडमध्ये
फार्गो तीन दिवस साखळीला लटकून होती.
चौपन्न सालची. बिनपायांची.
पोटाखाली हात घातला तर गंजाचे पोपडे
आणि वाळलेलं केळीचं सोपट,
कुठल्या मृगबागेतलं कोण जाणे,
वॅगन चुकलेल्या कुठल्या रात्रीचं.

खाली कॅम्परची चेसिस.
बऱ्हाणपूर रोडला ट्रॉली समोरून आली,
केबिनचा चुरा, खाली ओरखडा नाही.
लुकमानने कोपऱ्याला कोपरा सुतळी ताणली,
मग उलट्या कोपऱ्यांना,
दोन्ही सुतळ्या शेजारी धरून
एक डोळा मिटला.
"सरळ आहे."
बाकी त्या दिवशी तो काही बोलला नाही.

माझं लेथ समोरच्या गाळ्यात.
मला सांगितलेले आठ बुश.
बाहेर लोखंड, आत रबर,
म्हणजे जुना पत्रा नव्या लोखंडावर
घासणार नाही, बसेल.
आठांची आठ मापं निघाली.
डावीकडे दोन सूत जास्त,
उजवीकडे कुठे एक, कुठे काहीच नाही.
टोपलू नेहेते म्हणाला, स्टेशनात फलाट डावीकडे यायचा भो,
हमाल त्याच फळीवर उभे राहायचे.
मी कॅलिपर पुसलं
आणि ते हमाल दोन सुतांत कातून काढले.

फोर व्हीलच्या छोट्या दांडीसाठी तळाला भोक पाडायचं होतं.
कटर लागला तेव्हा टोपलू
चहा सांगायला म्हणून बाहेर गेला.
चहा आलाच नाही.

मग बॉडी उतरवली, हळूहळू,
साखळीची एकेक कडी सोडत,
आणि चेसिस लांब निघाली.
चार बोटं. लुकमानची चार, माझी साडेचार.
"चेसिस काप," टोपलू म्हणाला.
"हाडाला आरी लावत नाही मी. तुझा हौदा मागे वाढवू."
"हौद्याले हात लावायचा नाही."
"मग?"
"मले काय विचारतो? मिस्तरी तू का मी?"
रावेरची शेवटची बस गेली तरी
दोघं जॅकच्या दोन बाजूंना बसून,
मधोमध मी, खिशात आठ बुश.

सकाळी पाहिलं तर लुकमानने
केबिन पुढे बसवली होती, हौदा मागे,
आणि मधे चार बोटं तशीच सोडून दिली होती.

हॉर्न जुनाच ठेवला. सहा व्होल्टचा.
बॅटरी बाराची.
एकदाच असा ओरडला
की समोरच्या रसवंतीवाल्याचा ग्लास हातातून गेला.
नंतर धूर. नंतर कायमचा गप्प.
ग्लासाचे पैसे टोपलूने दिले.

पालच्या बाजूला, सुकी ओलांडायची जागा.
पाणी नाही, नुसते गोटे.
मी हौद्यात उभा, केबिनचा वरचा कठडा धरून.
टोपलूने छोटी दांडी ओढली,
पुढची चाकं जरा अडखळली, मग
बैलाने खांदा द्यावा तशी लागली.
इंजिन आता कुरकुरत नव्हतं,
ते टोपलूला थोडं खटकलं असावं,
कारण गियर टाकताना त्याचा पाय
अजून दोनदा क्लच मारत होता.

उजवं चाक गोट्यावर चढलं.
केबिन एकीकडे वळली, हौदा दुसरीकडे,
आणि फट
एका अंगाला पाच बोटं झाली, दुसऱ्याला तीन.
पुन्हा चार. पुन्हा तीन.
कुठेही पत्र्याला पत्रा लागला नाही.
फटीतून मला नदी दिसत होती,
पांढरी, उन्हाची,
मागे सरकत जाणारी.

परतल्यावर टोपलू म्हणाला, इथे एक पट्टी मारून देशील का,
लोक विचारतात.
लुकमान हात धूत होता. साबण लावत राहिला.

आणि नववा बुश,
जो मी डावीकडचा म्हणून चुकून
सरळ मापाने कातला होता,
तो लेथवर आहे.
त्यात मी खडू ठेवतो.