काना

शपथ अशी आहे:
जे बोललं जाईल तेवढंच,
पदरचं घालणार नाही, काही गिळणार नाही.
बावीस वर्षं हेच करतोय.
थकलेले पगार, बुडालेले अकामे,
एका म्हाताऱ्या आचाऱ्याची चोरी – तांदूळ, नऊ किलो.
सगळं ह्या तोंडातून त्या तोंडात नेलं
आणि घरी जाऊन जेवलो.

आज पहाटेपासून धूळ.
कुवेतच्या ह्या कोर्टाच्या खिडक्या उघडतच नाहीत,
तरी बाकावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी.
लेफ्टनंट उभा राहिला. कडक इस्त्री.
म्हणाला, सकत.
मी मागे वळून म्हटलं, पडला.

मागच्या बाकावर बाबल मेस्त्री.
अहमदीत वेल्डर, भुवया जळलेल्या,
मांडीवर प्लास्टिकची पिशवी:
धाकट्या भावाचा पट्टा, किल्ली, सव्वाचार दिनार.
सत्यवान एसीचे पत्रे वाकवायचा.
जुन्या मालकाने फरार म्हणून नाव दिलं,
फहाहीलला न्हाव्याच्या खुर्चीतून उचलला,
अर्धी दाढी व्हायची होती.
दोन रात्री ठाण्यात.
तिसऱ्या सकाळी फोन आला, येऊन घेऊन जा.
बाबलला वाटलं, सोडला.

कुठे पडला?
जिन्यावर, पहिला शिपाई म्हणाला.
न्हाणीत, दुसरा.
मी जिनाही नेला, न्हाणीही नेली.

मग सुदानी डॉक्टरीण, कागद न उघडता:
खुणा तळपायांवर आहेत.
छत्तीसपर्यंत मोजल्या,
पुढच्या एकमेकींत मिसळल्या होत्या.
न्यायाधीशांनी पेन ठेवलं.
मी शब्दाला शब्द दिला
आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा, मनातल्या मनात,
पदरचं घातलं:
तळपायांवर पडलेल्या माणसाला
आमच्याकडे उभा राहिला म्हणतात.

सहा वर्षांपूर्वी
खेडच्या एका ड्रायव्हरच्या बायकोला
हाच शब्द मी फोनवर दिला होता.
तेव्हा डॉक्टरीण नव्हती, तारीख नव्हती,
शेजारी एक हवालदार चहा ढवळत होता.
तिने विचारलं, कशावरून?
मला वाटलं, ती उंची विचारतेय.
म्हटलं, एवढंच सांगितलंय, ताई.
ती उंची विचारत नव्हती.

बाबलला पुढे बोलावलं.
पिशवी घेऊनच आला.
म्हणाला, तो पडूक नाय. तेका पाडल्यानी.
आरोपीचा वकील उठला: साक्षीदार तिथे हजर नव्हता.
खरं होतं ते. मी तेही नेलं.
पण बाबलचं वाक्य आधी,
जसंच्या तसं, त्याच्याइतक्याच हळू आवाजात.

कारकुनाने टाइप केलं, सकत.
सवयीने. सकाळपासून अकरा वेळा तेच आलं होतं.
मी त्याच्या पडद्याकडे बोट केलं.
इथे अलिफ राहिला.
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग लेफ्टनंटकडे,
मग न्यायाधीशांकडे.
न्यायाधीश म्हणाले, घाला.

आपल्यात एक काना, त्यांच्यात एक अलिफ.
दोन्हीकडे तीच उभी रेघ.
इतकी वर्षं दोन्ही भाषा खाल्ल्या,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

निकाल नाही लागला. पुढची तारीख पडली.
पण तोवर तिघांना कोठडी,
आणि दारापाशी लेफ्टनंटचा पट्टा काढून घेतला,
नियम म्हणून.
तो एका हाताने पँट धरून चालत गेला.
बाबलने बघितलं नाही.
पिशवीची गाठ सोडून परत बांधत होता.

बाहेर व्हरांड्यात म्हणाला,
लिवल्यानी मां?
मी जबाबाची प्रत उघडली. पान चौदा.
त्याला अरबी येत नाही,
म्हणून त्याचं भाजलेलं बोट धरून
त्या रेघेवर ठेवलं.

ह्यो?
हो.
बराच वेळ बोट तिथेच.

इतकोच?