मुंग्या

परभणीहून येष्टीत मांडीवर बसून आला व्हीसीआर,
सोलापुरी चादरीत गुंडाळलेला.
एका रात्रीचे ऐंशी रुपये,
शिवाय शेषेरावकाकांचं घड्याळ दुकानदाराकडं ठेवलेलं.
टीव्ही आमचा, कॅसेट अक्काच्या लग्नाची,
सतरंज्या शाळेच्या
आणि माणसं निम्म्या गंगाखेडची.

खय्यूमभाईनं वायर दातानं सोलली,
तांब्याचे केस पिळले,
अँटेनाची चपटी पट्टी उपसून काढली
आणि पाठीमागच्या भोकात पिन सारली.
"तीन नंबर लावा. तीन नाही तर चार."
मग आगकाडीच्या टोकानं बारीक चाक फिरवत राहिला.

मुंग्या.
वारूळ फुटल्यासारख्या, पडदाभर.
स्टॅबिलायझर घुमत होता.
जावईबापू म्हणाले, हेड खराब असंल.
तात्या म्हणाले, गेले ऐंशी रुपये.

पिन ढिली होती, एवढंच.
मी अकरा वर्षांची, हडकुळी,
भिंत आणि टीव्हीच्या फटीत मावणारी एकटीच.
चिमटीत वायर धरली आणि बाहेर ओरडा:
"आलं! आलं!
हालू नको गं कुशे, तशीच ऱ्हा!"

तशीच राहिले.
जाळीतून नळीचा तांबूस उजेड,
जळक्या धुळीचा वास,
आणि कोपरापर्यंत चढत आलेल्या मुंग्या,
पडद्यावरून गेल्या त्याच असाव्यात.

सनई अगदी कानाशी वाजली.
लग्न मी माणसांच्या तोंडावर बघितलं.
तोंडं पिवळी झाली की हळद,
पांढरी झाली की फोटोवाल्याची बत्ती.
मधीच गोदूमावशीचं तोंड थांबलं.
"घ्या हो, लाजता काय, एकच घ्या"
मामा पंगतीत बुंदी वाढत होते,
चैतात गेलेले मामा.
आवाज माझ्याकडं होता, माणूस तिच्याकडं.
तिनं पदर डोळ्याला नाही लावला,
पदराचं टोक नुसतं चावत राहिली.

तेवढ्यात सगळे एकदम:
"अगं कुशे, तू! करवली बघ, करवली!"
वायर सोडली, पळत पुढं आले.
मुंग्या.
"धर गं, धर!"
परत फटीत. आलं. परत पळाले.
मुंग्या.
तिसऱ्यांदा खय्यूमभाईनं हात घालून बघितला,
त्याचा पंजा फटीत जाईना.
तोवर फीत वरातीला लागली होती.
मागं घ्या की, मी म्हणाले.
अक्काचे सासरे म्हणाले, मागं-पुढं केल्यानं तुटती.
आणि पहाटे लाइट गेली.

कॅसेट अजून माळ्यावर आहे, बुरशी धरलेली.
अक्का सांगते, तू हसत होतीस, एक रिबीन सुटलेली.
जावईबापू म्हणतात, रिबिनी कुठल्या, गजरा होता.
गोदूमावशीला विचारलं तर म्हणाली,
मी तवा तुझ्याकडं बघतच नव्हते बाई.

ते मला माहीत आहे.
मी तिच्याकडं बघत होते.